सोन्याआधीचा बोगदा

१९१५ साली बीडन नावाचा एक खाण-अभियंता निजामाच्या राज्यात, रायचूर जिल्ह्यात, सोनं शोधत हिंडत होता. मस्की गावाजवळच्या टेकडीवर एका शिळेवर त्याला कोरलेली अक्षरं दिसली. ती ब्राह्मी निघाली. तोवर मिळालेल्या लेखांत राजा स्वतःला 'देवानांपिय', 'पियदसि' म्हणवून घेत असे. मस्कीच्या लेखात मात्र 'अशोक' हे नावच कोरलेलं होतं. हा देवानांपिय म्हणजेच सम्राट अशोक, याचा दगडावरचा पुरावा इतिहासाला असा सोन्याच्या शोधातून मिळाला.

अशोकाच्या दक्षिणेतल्या कारभाराचं ठाणं 'सुवर्णगिरी' नावाचं होतं, आणि काही अभ्यासक ते याच मुलखात शोधतात. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा रायचूरचा दुआब. १९५६ पर्यंत तो आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. याच जिल्ह्यात, लिंगसूर तालुक्यात, हट्टीची खाण आहे. आज देशातल्या खाणींतून निघणाऱ्या सोन्यातला मोठा वाटा तिचा आहे. तिच्या आसपास उटी, हिरा-बुद्दिनी, वंदली अशी लहान लहान खाणींची नावं विखुरलेली आहेत. माझं आयुष्य दगड वाचण्यात गेलं. धनत्रयोदशीला आपण ज्याची पूजा करतो, ते सोनं जमिनीतून वर येण्याआधी काय काय घडतं, ते या एका जिल्ह्याच्या आधाराने सांगावंसं वाटतं.

जुन्यांनी ठेवलेल्या खुणा

दुआबातला बराचसा दगड ग्रॅनाइटचा. त्यातून काळपट-हिरव्या खडकाचे लांबच लांब पट्टे गेलेले आहेत. समुद्रतळाशी ओतलेल्या लाव्हाचे हे थर अडीच अब्ज वर्षांहून जुने. पुढे भूकवचाच्या दाबाने ते दुमडले, उभे झाले, चिरडले गेले. त्या भेगांतून खोलवरचं तापलेलं पाणी वर आलं आणि जाताना गारगोटीच्या शिरा व त्यांत सोन्याचे कण मागे ठेवून गेलं. या शिरेला खाणकामगार 'रीफ' म्हणतात. हट्टीत अशा अनेक रीफ एकमेकींना समांतर, जवळजवळ उभ्या आणि पश्चिमेकडे कललेल्या आहेत. ओकली रीफ, मिडल रीफ, व्हिलेज रीफ ही त्यांची नावं.

या शिरा सर्वांत आधी आपल्याच पूर्वजांनी ओळखल्या. हट्टीत प्राचीन खोदकाम सुमारे ६४० फूट खोल गेलेलं सापडलं. तिथल्या जुन्या लाकडाचं कार्बन-मापन जवळपास दोन हजार वर्षांमागे जातं. सुरुंगाची दारू नव्हती. दगडाला लागून लाकडं पेटवायची, दगड तापला की त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे तो तडकतो. मग पहारीने आणि छिन्नीने तो उकलायचा. परिसरातल्या कातळांवर उखळासारखे गोल खळगे आहेत. तिथे ती गारगोटी कुटली जाई. ६४० फूट म्हणजे साठ मजली इमारत जमिनीत उलटी उभी करावी, एवढी खोली. पंपाशिवाय, दिव्याच्या उजेडात माणसं तिथवर गेली, याचं मला आजही नवल वाटतं.

म्हणूनच इंग्रजी अमलातले शोधक दुआबात आले, तेव्हा त्यांनी आधी हे जुने खळगे आणि बुजलेली विवरं शोधली. कोलारलाही तसंच घडलं. १८८० च्या दशकात तिथल्या कंपनीचे पैसे संपत आले होते. उरलेल्या भांडवलात प्राचीन खोदकामाच्या खाली खणायचं ठरलं, आणि चॅम्पियन रीफ हाती लागली. पुढे त्या शिरेवरचं खोदकाम तीन किलोमीटरहून खोल गेलं.

परातीतली पिवळी शेपटी

लहानपणी आमच्या गावच्या सराफकट्ट्यावर पहाटे झारेकरी यायचे. दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ गोळा करून ते पाण्यात धूत, आणि त्यातून सोन्याचे बारीक कण वेगळे काढत. शोधकामातली पहिली पायरी मला त्यांनीच शिकवली, असं मी मानतो. ओढ्यातली दोन-तीन मुठी वाळू पसरट थाळीत घ्यायची, पाण्यात बुडवून गोल गोल हलवायची. हलकी वाळू काठावरून वाहून जाते. मग काळी, लोहचुंबकाला चिकटणारी वाळू उरते. थाळी कलती करून शेवटचं पाणी हळूच फिरवलं, की त्या काळ्या वाळूच्या मागे एक पिवळी रेघ ओढली जाते. केसाएवढी. तिला आम्ही शेपटी म्हणतो.

पिवळं दिसलं की ते सोनंच, असं नाही. माक्षिक नावाचं खनिजही पिवळं चमकतं. सावलीत धरलं की त्याची चमक मावळते, टाचणीने दाबलं की त्याचा भुगा होतो. सोनं सावलीतही पिवळंच राहतं आणि दाबलं की पसरतं. बालाघाट-भंडाऱ्याकडचे सोनझरी पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या वाळूतून असंच सोनं धूत आले.

शेपटी मिळाली की ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकायचं. कण वाटोळे, झिजलेले असतील तर मूळ शीर दूर. कोपरे शाबूत असतील तर ती जवळ. मग मातीचे नमुने घ्यायचे. या पट्ट्यात सोन्याच्या संगतीने आर्सेनिकयुक्त खनिज असतं, म्हणून मातीत आर्सेनिक वाढलं की शोधक सावध होतो. त्यानंतर शिरेला आडवे चर खणायचे आणि दगड उघडा पडला की छिन्नीने एकसारख्या रुंदीची पन्हळ कोरून नमुना घ्यायचा. दिसायला सुंदर तेवढाच तुकडा उचलणारा माणूस स्वतःलाच फसवतो. शेवटी हिऱ्याच्या तोंडाचं ड्रिल जमिनीत उतरतं आणि दगडाचे दंडगोल वर येतात. पेट्यांत ओळीने मांडलेले ते दंडगोल म्हणजे जमिनीखालच्या पोथीची पानंच.

गुंजेचा हजारावा भाग

आपल्या सराफी मापात ९६ गुंजा म्हणजे १२ मासे, म्हणजे एक तोळा. टनभर दगडात तीन ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन मासे सोनं असलं, तरी ती शीर विचारात घेण्याजोगी असते. तोळाभर सोन्यासाठी चार टन दगड फोडायचा, कुटायचा, दळायचा.

नमुन्यातलं सोनं मोजायची रीत जुन्या सोनाराला सहज कळेल अशी आहे. दळलेल्या दगडाचे तीस ग्रॅम मुशीत घ्यायचे, त्यात शिशाचं भस्म आणि टाकणखार मिसळून भट्टीत वितळवायचं. वितळलेलं शिसं सोनं आणि चांदी गोळा करून तळाशी बसतं. ती शिशाची गोळी हाडांच्या राखेच्या लहान वाटीत पुन्हा तापवली, की शिसं राखेत शोषलं जातं आणि एक मणी उरतो. नत्राम्लाने त्यातली चांदी काढून टाकायची. उरलेलं सोनं गुंजेच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं. या कणावर कोट्यवधी रुपयांचा निर्णय अवलंबून असतो. अग्निपरीक्षा हा शब्द इथे शब्दशः खरा आहे.

बी-बियाण्याचा हिशोब

शोध लागला म्हणजे खाण झाली, असं मात्र नाही. आता विकासकाम सुरू होतं. आधी शाफ्ट, म्हणजे उभी विहीर. तिच्यातून ठरावीक खोलीवर शिरेकडे जाणारा आडवा बोगदा, तो क्रॉसकट. शीर लागली की तिच्या लांबीने चालणारी ड्राइव्ह. एका मजल्यावरून वर नेलेली चिमणी म्हणजे रेझ, खाली उतरवलेली ती विंझ. या चौकटीने शिरेचा एक ठोकळा चारी बाजूंनी मोजला गेला, की मगच त्यात किती सोनं आहे ते खात्रीने सांगता येतं आणि दगड काढायला सुरुवात होते.

दोन मीटर रुंद, अडीच मीटर उंच क्रॉसकट एक मीटर पुढे सरकवला की चौदा टन दगड निघतो. त्यात सोनं नसतं. भोकं पाडा, दारू ठासा, स्फोट करा, धूर जाऊ द्या, छताचे सुटे दगड पाडा, माल भरून वर पाठवा. आणि तो सगळा माल टाकाऊ. हिशोबनीस विचारतो, हा खर्च कशाला? हाताशी असलेला समृद्ध ठोकळा आधी काढू या.

लहान खाण नेमकी इथे मरते. शेतकऱ्याने दुष्काळात बियाणं खाल्लं तर त्या महिन्याची भूक भागते, पण पुढच्या मृगाला पेरायला काही उरत नाही. विकासकाम हे खाणीचं बियाणं आहे. जेवढा दगड आज काढला, तेवढा नवा दगड उद्यासाठी मोजून ठेवलाच पाहिजे. तो नियम मोडला की काही वर्षं नफा दिसतो, आणि मग एका सकाळी खाणीपुढे पुढचा ठोकळाच नसतो. पंप थांबतात, पाणी चढतं, गाव रिकामं होतं.

हट्टीनेही हे सोसलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाललेली खाण १९२० मध्ये बंद पडली आणि पाण्याने भरली. १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली आणि खाणीला पुन्हा जीव आला. राज्य पुनर्रचनेनंतर ती आजच्या कर्नाटकाकडे गेली. आज उटीसारख्या लहान खाणीतला दगड ट्रकने हट्टीच्या गिरणीत येतो. स्वतःची गिरणी आणि दळलेल्या दगडातलं सोनं विरघळवून काढणारे सायनाइडचे हौद उभारणं लहान खाणीला परवडत नाही. थोरलीच्या आधाराने धाकट्या तगतात. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या परसोडी भागातही सोन्याचा शोध घेतला गेला आहे. तिथे कधी काही उभं राहायचं झालं, तर रायचूरचा हा धडा आधी वाचायला हवा.

त्याबरोबर दुसराही धडा वाचावा. शोधकाला वाट दाखवणारं आर्सेनिक विहिरीत उतरलं, तर विष होतं. रायचूर-यादगीर भागातल्या भूजलात ते आढळलं आहे. तेव्हा पहिला चर खणण्याआधी गावच्या प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून नोंदवून ठेवणं, हेही मी विकासकामच समजतो. कारण खाणीनंतरही गावाला तेच पाणी प्यायचं असतं.

यंदा धनत्रयोदशीला तोळाभराचा दागिना पाटावर ठेवाल, तेव्हा त्यामागचे चार टन आठवा. आणि त्या चार टनांच्याही आधी, जिथे सोन्याचा कणही नव्हता असा बोगदा मीटर मीटर पुढे नेणारे हात आठवा. हळदीकुंकवाचं एक बोट त्यांच्याही नावाने लावा.