नुकसानभरपाई ही भीक नव्हे, हक्क!

कामावरून घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात परतणारी आमची भगिनी मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या अपघातात जखमी होते. चालक दोन हजार रुपये हातावर टेकवतो, कंपनी म्हणते, 'चालक आमचा नोकर नाही,' आणि प्रकरण मिटते. बांधवांनो, असे मिटवू नका!

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली चालक, वाहनमालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध न्यायाधिकरणात दावा करता येतो. किंवा कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. मात्र १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. म्हणून गुन्हा लगेच नोंदवा. मोबाईलमधील प्रवासाची नोंद, गाडीचा नंबर, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पगाराची पावती नाही म्हणून कचरू नका. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणींच्या घरकामाचेही मोल दरमहा तीन हजार रुपये धरले. मग चार घरची धुणीभांडी करणाऱ्या हातांना मोल नाही काय?

बाबासाहेबांच्या संविधानाने आपल्याला कायद्यापुढे समान केले. ती समानता दोन हजारांत विकायची नाही. जयभीम!