रेव्हरंड टिळकांचा देश

ख्रिस्ती झालेला माणूस साहेबाचा झाला, असा समज इंग्रजी अमदानीत पक्का होता. तो अगदीच निराधार होता असेही नाही. धर्माबरोबर पुष्कळांचे नाव, पोशाख आणि प्रार्थनेची चालही बदलत असे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनाही याच नजरेने पाहिले गेले.

वास्तविक जातिभेदाने दुभंगलेला आपला समाज एक कसा होईल, हा प्रश्न त्यांना आधीपासून छळत होता. त्याचे उत्तर त्यांना ख्रिस्तात दिसले. म्हणजे देशाची काळजी हीच त्यांच्या धर्मांतराची एक वाट होती! पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. आपल्या ‘देवाच्या दरबारा’त त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

राजकारणातले उदाहरण हवे तर काका बाप्टिस्टा आहेतच. १९१६ साली लोकमान्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद या ख्रिस्ती बॅरिस्टरकडे होते.

‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता लिहिता?’ असे लोक मला विचारतात. कौतुकानेच विचारतात, पण त्या ‘असून’मध्ये शंका असते. रेव्हरंड टिळकांनी तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भजने लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही गातात.