मुलीचा वाटा आणि जमातीची रूढी : सर अर्स्किन पेरी यांचे निवाडे

सर थॉमस अर्स्किन पेरी (१८०६–१८८२) हे मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. १८४७ ते १८५२ या काळात ते तिथले मुख्य न्यायाधीश होते. आज त्यांचे नाव मुख्यतः एका निवाड्यामुळे घेतले जाते. १८४७ साली दिलेल्या या निवाड्याने खोजा आणि कच्छी मेमण समाजांतील मुलींचा वडिलांच्या संपत्तीतला कुराणप्रणीत वाटा नाकारला. हा निकाल सुमारे नव्वद वर्षे टिकला, आणि त्याचा एक धागा त्यानंतरही तुटला नाही.

पेरी यांचे वडील जेम्स पेरी ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या लंडनच्या वृत्तपत्राचे मालक व संपादक होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकल्यावर मुलगा वकिलीकडे वळला. १८४० साली एक बँक बुडाली, त्यात त्यांची बरीचशी पुंजी गेली आणि त्यांनी हिंदुस्थानात न्यायाधीशपद मागितले. १८४१ मध्ये ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टात नेमले गेले.

हे कोर्ट १८२३ च्या सनदेने उभे राहिले होते. दिवाणी दावे, इक्विटी, फौजदारी आणि समुद्रावरचे तंटे अशा त्याच्या निरनिराळ्या बाजू होत्या. त्यांतलीच एक ‘एक्लेझियास्टिकल’, म्हणजे इंग्लंडमधल्या धर्मन्यायालयांच्या धर्तीवरची. मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, देणे, मृत्युपत्र न करता मेलेल्याच्या मिळकतीची व्यवस्था कोणाकडे सोपवायची ते ठरवणे आणि ख्रिस्ती विवाहांचे तंटे पाहणे, ही तिची कामे. वारशाच्या बाबतीत सनदेने एक अट घातली होती : हिंदू व मुसलमान यांचे तंटे त्यांच्या-त्यांच्या कायद्यांनी आणि रिवाजांनी सोडवावेत. ‘कायदा’ आणि ‘रिवाज’ परस्परांच्या विरुद्ध गेले तर काय करायचे, हे मात्र सनदेत नव्हते. पुढचा सगळा वाद याच फटीतून निघाला.

खोजे आणि कच्छी मेमण हे दोन्ही समाज कच्छ-सिंधकडच्या, बव्हंशी लोहाणा जातीतून मुसलमान झालेल्या लोकांचे. खोज्यांच्या परंपरेत या धर्मांतराचे श्रेय पीर सदरुद्दीन यांना दिले जाते. श्रद्धा बदलली, तरी घरातली वाटणी जुन्याच वळणाने होत राहिली. संपत्ती मुलांकडे जायची. मुलीला लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च, एवढेच मिळायचे. कुराणात मात्र मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, मुलाच्या निम्मा. हिरबाई आणि गंगबाई या खोजा स्त्रियांनी सोनाबाईविरुद्ध आणि रहिमतबाई या मेमण स्त्रीने हाजी जुसब व इतरांविरुद्ध याच आधारावर दाद मागितली. खोज्यांचे धर्मप्रमुख आगाखान (पहिले) तेव्हा नुकतेच हिंदुस्थानात आले होते. त्यांचा कल कुराणाच्या नियमाकडे होता. जमातीतल्या मोठ्या गटाचा मात्र जुन्या रिवाजाकडे.

पेरी यांनी दावे फेटाळले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, सनदेतली ती अट राजकीय धोरणातून आलेली आहे. एतद्देशीय लोकांना त्यांच्या नेहमीच्या व्यवहाराप्रमाणे राहू द्यावे, एवढाच तिचा हेतू आहे. कोणता धर्म शुद्ध आणि कोण त्याचे पालन नीट करते, हे पाहणे कोर्टाचे काम नव्हे. रूढी जुनी, निश्चित आणि अखंड असल्याचे सिद्ध झाले की ती ग्रंथापेक्षा वरचढ ठरते. मुलींना वाटा न देणारी रूढी अवाजवी म्हणून रद्द करावी, हेही त्यांना मान्य झाले नाही. अखेर इंग्लंडच्या कायद्यातही जमिनीच्या वारशात मुलाला मुलीच्या आधी स्थान होते.

या तर्काचे बळ नाकारता येत नाही. लोक प्रत्यक्षात कसे जगतात, हे पुराव्याने तपासणारा न्यायाधीश पोथीवरून निकाल देणाऱ्यापेक्षा वास्तवाला जवळचा असतो. पण रूढी सिद्ध करायची ती जमातीच्या व्यवहारावरून, आणि तो व्यवहार पुरुषांच्या हाती होता. ज्या अन्यायाविरुद्ध मुली कोर्टात आल्या, तोच दीर्घकाळ चालत आला म्हणून प्रमाण ठरला. निवाड्यातली ही उणीव मोठी आहे.

पारशांच्या बाबतीत पेरी यांचा निर्णय उलट्या दिशेने गेला आणि तोही वादग्रस्त ठरला. पिरोजबाई या पारशी स्त्रीने पती अर्देसर करसेटजी यांच्याविरुद्ध वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला, तो याच धर्मन्यायालयी बाजूवर. ख्रिस्ती नसलेल्यांचा असा दावा तिथे चालू शकतो, असे मत पेरी यांनी दिले. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वरच्या अपील न्यायालयाने, ते फिरवले. ख्रिस्ती विवाहाच्या कल्पनेवर उभारलेला कायदा पारशांना लावता येत नाही, असे तिथे ठरले. विवाह आणि वारसा या दोन्हींसाठी स्वतःचे कायदे हवेत, ही पारशी समाजाची मागणी त्यानंतर अधिक नेटाने पुढे आली. १८६५ साली तसे दोन कायदे झाले.

कोर्टाबाहेरही पेरी वादात होते. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष या नात्याने ते इंग्रजीतून शिक्षण देण्याच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट आणि इतर सभासद देशी भाषांच्या बाजूचे. १८५२ मध्ये ते परत निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्यासाठी ५,००० पौंडांचा निधी जमवला. तो त्यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्याच्या अध्यासनासाठी दिला. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातले ‘पेरी प्रोफेसर’ हे पद त्यातूनच आले. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पदावर होते. पुढे हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीच्या वारसाहक्कासाठी झुंज दिली.

लंडनला गेल्यावर पेरी पार्लमेंटचे सभासद झाले. तिथे त्यांनी उचललेला प्रश्न मुंबईच्या निवाड्याशेजारी ठेवून पाहावा असा आहे. इंग्लंडमध्ये लग्न होताच बाईची जंगम मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची होई. १८५६ साली याविरुद्ध स्त्रियांनी मोठा अर्ज केला, तेव्हा कॉमन्समध्ये तो पेरी यांनी मांडला आणि १८५७ मध्ये विधेयकही आणले. ते मंजूर झाले नाही. या विषयावरचा व्यापक कायदा १८८२ च्या ऑगस्टमध्ये झाला; पेरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. स्त्रीच्या संपत्तीबद्दल त्यांना कळकळ नव्हती, असे म्हणता येत नाही. कायदेमंडळात कायदा बदलता येतो, कोर्टात तो फक्त लावायचा असतो, ही त्यांची धारणा दोन्हीकडे एकच होती. हिरबाईला मात्र कोर्टाखेरीज दुसरी जागा नव्हती.

१८६६ साली न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी आगाखान खटल्यात खोजे हे शिया इस्माइली असल्याचा निर्णय दिला. तरीही वारशाला हिंदू नियम लागू राहिले. मेमणांना १९२० च्या कायद्याने मुस्लिम कायदा स्वीकारण्याचा पर्याय मिळाला आणि १९३८ च्या कायद्याने तो त्यांच्या वारशाला सरसकट लागू झाला. खोज्यांसाठी बदल आणला १९३७ च्या शरियत कायद्याने. मृत्युपत्र नसेल तर मुलीला आता कुराणातला वाटा मिळू लागला, शेतजमीन वगळून. मृत्युपत्राचा विषय मात्र या कायद्याने ऐच्छिक ठेवला : ज्याने तसे रीतसर जाहीर केले, त्यालाच शरियत बंधनकारक. अशी जाहीर नोंद न करणाऱ्या खोज्याला आपली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने हवी तशी देता येते. मृत्युपत्राने फक्त एक-तृतीयांश मालमत्ता देता येते, ही मुस्लिम कायद्यातली मर्यादा त्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९४५ साली हीच भूमिका घेतली.