शोधनिबंधांची शहानिशा

विद्येच्या व्यवहारात प्रत्येक प्रयोग आपल्या हाताने करून पाहणे आणि प्रत्येक दस्तऐवज आपल्या डोळ्यांनी वाचणे कोणाही एका विद्वानाच्या आवाक्यातले नसल्यामुळे, दुसऱ्याने लिहून ठेवलेल्यावर भरवसा ठेवूनच त्याला पुढे जावे लागते. आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक काढले तेव्हापासून या भरवशाचा जामीनदार म्हणून संपादक उभा आहे.

लेखकाने माहिती रचू नये, परक्याचे श्रेय लाटू नये, एकच निबंध दोन ठिकाणी धाडू नये. समीक्षकाने हाती आलेल्या मजकुराची गुप्तता राखावी. आणि खोटेपणा सिद्ध झाल्यास संपादकाने भीड न धरता निबंध मागे घ्यावा, ही या व्यवहाराची सर्वमान्य कलमे होत. १९९७ साली इंग्लंडमधील वैद्यकीय संपादकांनी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ स्थापन करून त्यांना व्यवस्थित रूप दिले. तेव्हा नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती तपासण्याच्या सवयीची.

याचा आपल्या देशातला दाखला चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील भूवैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांचा. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे वर्णिलेल्या जीवाश्मांपैकी काही मोरोक्को आणि न्यूयॉर्क राज्य येथील नमुन्यांशी हुबेहूब जुळतात, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ साली ‘नेचर’मधून उघड केले. विशेष हे की, गुप्तांच्या सहलेखकांत नामांकित परदेशी तज्ज्ञ होते आणि जीवाश्म ओळखण्यात ते वाकबगार होते. पण जीवाश्म सापडले कोठे, एवढी एकच गोष्ट त्यांनी गुप्तांच्या शब्दावर मानली, आणि साऱ्या गफलतीचे मूळ तेथेच होते.

त्या काळी लबाडी एकट्यादुकट्याची होती. पुढे तिला बाजार मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या ‘एपीआय’ या शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकातील गुणांशी जोडल्या, तेव्हा निबंध वाचण्यापेक्षा मोजण्याला महत्त्व आले, आणि शुल्क भरताच दोन-चार दिवसांत स्वीकृतिपत्र पाठवणाऱ्या, ‘आंतरराष्ट्रीय’ बिरुद मिरवणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. उपाय म्हणून आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली खरी. परंतु विद्यापीठांच्या शिफारशीवरून तीत आलेल्या १००९ नियतकालिकांची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी छाननी केली, तेव्हा कसोटीला उतरली अवघी ११२. सुमारे एक-तृतीयांशांचा तर पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे यांचाच धड ठिकाणा नव्हता. छाननीचा हा अहवाल २०१८ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिकांची नावे खारीज केली. त्यानंतर याच पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने तयार झालेली ‘केअर’ ही नवी यादी २०१९ साली आली; तिच्यातील नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून शुल्क उकळणारेही निपजले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद करून निवडीचा भार संस्थांवर सोपवला.

यादीची जी गत, तीच यंत्राची. आयोगाच्याच वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त आहे. हे साम्य मोजणारे यंत्र उचललेली वाक्ये बहुधा पकडते. पण मोरोक्कोचा जीवाश्म हिमालयात सापडल्याचे कोणी स्वतःच्या शब्दांत लिहिले, तर त्याला अडवण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नाही.

यादी झाली, यंत्र झाले. वाचण्याचे काम मात्र कोणाच्याच अंगावरून उतरत नाही. म्हणून निवड समित्यांवर बसणाऱ्या विद्वज्जनांस एवढीच विनंती की, उमेदवाराच्या निबंधांची संख्या विचारण्यापूर्वी त्यांतले निदान दोन त्यांनी स्वतः साद्यंत वाचावेत आणि त्यांतील पुराव्याविषयी त्याला समोरासमोर प्रश्न विचारावेत.