कारीगर खूश तर माल चांगला

कारीगराला खूश ठेवायचे म्हणजे ईदेला मिठाईचा डबा आणि कपड्याचा जोड द्यायचा, असा आपल्या अनेक लूम मालकांचा समज आहे. मिठाई चार दिवसांत संपते. कारीगर मात्र बारा महिने लूमवर उभा असतो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे मजुरी बहुतांशी मीटरवर आणि पाळी बऱ्याच ठिकाणी बारा तासांची असते. लूम बंद तर मजुरी बंद. सूत कच्चे निघाले, बीम उशिरा आला किंवा वीज गेली, यात कारीगराचा दोष काय? तरी नुकसान त्याच्याच पदरी पडते. मग तो भरपाईसाठी घाई करतो, तुटलेला धागा तसाच राहतो आणि तागा बाजारात सेकंडच्या भावाने जातो. ज्या कारखान्यात कारीगर सारखे बदलतात, तिथला माल एकसारखा येत नाही, हे कपडा घेणारा प्रत्येक व्यापारी जाणतो.

यावर फार खर्चाचा उपाय नाही. पहिली गोष्ट हिशोबाची. मीटर, दर, उचल आणि डॅमेजची कपात एका कार्डावर लिहा. एक प्रत कारीगराकडे, एक आपल्याकडे. मजुरी ठरल्या दिवशी द्या. मालकाच्या चुकीने लूम थांबला तर खाडा भरून द्या. उचल ही कारीगराच्या अडचणीसाठी असते, त्याला बांधून ठेवण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट तब्येतीची. लूमशेडमध्ये आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर जातो. असा आवाज वर्षानुवर्षे ऐकला की ऐकू येणे कमी होते आणि गेलेले कान परत येत नाहीत. कानात घालायचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. जिथे सुती माल चालतो तिथे धूळ ओढणारा पंखा बसवा. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. शनिवारी कामावर येताच छाती आवळते असे कोणी सांगितले, तर त्याला कामचोर म्हणू नका. कापसाच्या धुळीचा रोग सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीच जास्त जाणवतो. त्याला डॉक्टरकडे पाठवा.

तिसरी गोष्ट आरामाची. थंड पाणी, साफ संडास, जेवायला वेळ, आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी लूम सांभाळायला बदली माणूस.

मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. पुढे कारखाने उघडले तेव्हा लूम होते, ऑर्डरही येऊ लागल्या, पण हात कमी पडले. गावी गेलेला कारीगर कोणत्या मालकाकडे परत येईल? जिथे त्याचा हिशोब साफ होता आणि त्याला माणूस म्हणून वागवले गेले, तिथेच. व्यापारातली बरकत अशाच वागणुकीतून येते.