चारकोपच्या चिटणिसांचा प्रश्न

चारकोपहून एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांचे पत्र आले आहे. संस्थेच्या कार्यालयातला संगणक आठ वर्षांचा झाला असून, सकाळी कळ दाबल्यापासून जमाखर्चाची खतावणी पडद्यावर उघडेपर्यंत सहा-सात मिनिटे सहज जातात. दुरुस्तीचा कारागीर म्हणतो, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, काही हजारांत काम होईल. कार्यकारिणीतले एक सभासद म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा नवे यंत्रच घ्या. आणि दुसरे म्हणतात, चालते आहे तोवर चालू द्या. सभासदांच्या वर्गणीतून व्हावयाच्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी त्याचे कारण नीट समजून घ्यावे, ही चिटणिसांची वृत्ती मला अत्यंत आदरणीय वाटते, आणि म्हणून या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही.

हार्ड डिस्क हे मूलतः एक दफ्तर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, हे इतिहासप्रेमी वाचकांना ठाऊक आहेच. अशा दफ्तरातल्या कारकुनास एकच रुमाल सोडून पहिल्या कागदापासून अखेरच्या कागदापर्यंत वाचावयास सांगितले, तर तो भराभर वाचील. परंतु शंभर रुमालांतून प्रत्येकी एकच चिठ्ठी काढून आणावयास सांगितले, तर त्याचा सारा दिवस शिडी चढण्यात, गाठी सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात जाईल, वाचन असे फारसे घडणारच नाही. हार्ड डिस्कमधली मजकूर वाचणारी दांडी म्हणजे नेमका असाच कारकून आहे. मजकूर साठवणारी, मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी तबकडी एका फेरीस सुमारे ११ सहस्रांश सेकंद घेते. हवी ती जागा दांडीखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि दांडी योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहा-बारा सहस्रांश सेकंद लागतात. हिशेब केला, तर सेकंदाला साठेक चिठ्ठ्यांपलीकडे या कारकुनाची मजल जात नाही. संगणक जागा होताना मात्र त्याला इतस्ततः विखुरलेल्या हजारो चिठ्ठ्या हव्या असतात. चिटणिसांची सहा मिनिटे जातात ती बहुतांशी येथे.

आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन एका टनाहून अधिक होते, आणि आजच्या मापाने त्यात चार मेगाबाइटही मजकूर मावत नसे. तेथपासून आजच्या साध्या एक टेराबाइटच्या डिस्कपर्यंत क्षमता अडीच लाख पटींहून अधिक वाढली. त्या पहिल्या यंत्राला एक नोंद शोधण्यास सरासरी ६०० सहस्रांश सेकंद लागत. आज पंधरा-सतरा लागतात. म्हणजे क्षमता लाखो पटींनी वाढली असता शोधण्याचा वेग वाढला तो जेमतेम चाळीस पटींनी! कारण उघड आहे. कागद कितीही बारीक अक्षरात लिहिता येईल, परंतु कारकुनाला वस्तुमान आहे, आणि वस्तुमान असलेल्या पदार्थाला हलवून पुन्हा नेमक्या जागी स्थिर करण्याची किंमत काळातच मोजावी लागते.

एसएसडीत असा हलणारा कारकूनच नाही. कोणतीही चिठ्ठी एक दशांश सहस्रांश सेकंदाच्या आसपास हाती येते, म्हणजे दीडशेपट लवकर. जाहिराती मात्र दुसऱ्याच आकड्याची दवंडी पिटतात. सेकंदाला सात हजार मेगाबाइट वगैरे जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, तो अखंड रुमाल वाचण्याचा वेग होय. चलच्चित्रांचे संपादन करणाऱ्याला त्याचे मोल आहे. गृहनिर्माण संस्थेच्या खतावणीला नाही. सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटची, जुन्या साटा जोडणीची साधी एसएसडी आणि तिच्याहून दसपट वेगाची भारी एसएसडी यांतला फरक चिटणिसांना घड्याळ लावूनही क्वचितच जाणवेल, आणि जुन्या संगणकात बहुधा पहिलीच बसेल.

आता एसएसडीत अक्षरे टिकतात कशी? बेल प्रयोगशाळेत १९६७ साली दावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या पोटात, चहूबाजूंनी विद्युतरोधक ऑक्साइडने वेढलेला एक वाहक थर ठेवण्याची कल्पना मांडली. भोजनाच्या वेळी समोर आलेला अनेक थरांचा केक पाहून ती सुचली, अशी हकीकत सांगतात. मराठी वाचकाने पुरणपोळी डोळ्यांसमोर आणावी. दोन बाजूंच्या पारीत पुरण कोंडलेले असते, तसे येथे इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात, आणि वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे बाहेर येत नाहीत. त्यांना आत घालण्यासाठी अथवा बाहेर काढण्यासाठी मोठा विद्युतदाब द्यावा लागतो. तेव्हा ते पारीवरून उडी न मारता, क्वांटम नियमांच्या कृपेने, पारीतून आरपार जातात. अशा प्रत्येक प्रवासात पारीला किंचित इजा होते, आणि एसएसडीला मर्यादित आयुष्य आहे ते यामुळेच.

यापुढचा भाग मला सर्वांत मनोहर वाटतो, आणि तो चारकोपकरांना समजावून सांगण्याची गरजच पडू नये. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने लहान लहान भूखंड पाडून वसवलेल्या चारकोपात आज पुनर्विकासाखेरीज दुसरा विषय नाही. एका सदनिकेपुरता पुनर्विकास होत नसतो, हे तेथील प्रत्येक सभासद जाणतो: एक घर पाडून नवे बांधावयाचे म्हटले तरी सारी इमारत रिकामी करावी लागते, सर्व बिऱ्हाडांची तात्पुरत्या निवाऱ्यात सोय लावावी लागते, मगच जुना इमला पाडता येतो. एसएसडीचा कारभार हुबेहूब असाच आहे. तीत कोऱ्या पानावर एकेक करून लिहिता येते. परंतु लिहिलेले पान एकटे पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ठोकळा एकदम पुसावा लागतो. म्हणून तिच्या आतला नियंत्रक अष्टौप्रहर पुनर्विकासाचेच काम करीत असतो. कोणत्या ठोकळ्यात किती पाने रद्द झाली याची रुजवात ठेवावयाची, उरलेल्या चालू पानांना अन्य ठोकळ्यात हलवावयाचे, आणि मग रिकामा ठोकळा पुसून टाकावयाचा. त्यासाठी काही जागा ग्राहकाला न दाखवता राखून ठेवलेली असते. ते त्याचे संक्रमण शिबिर. एसएसडी काठोकाठ भरली की ती मंदावते, याचे कारण हेच, की शिबिरातच जागा नसली तर बिऱ्हाडे हलवायची कुठे? म्हणून दहा-पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी. आणि साम्य येथेच संपत नाही: आडवी जमीन संपली तेव्हा सॅमसंगने २०१३ साली चोवीस थरांची स्मृती बाजारात आणून मजले चढवावयास प्रारंभ केला, आणि आज हे मजले दोनशेंच्या वर गेले आहेत.

एक ठोकळा एकदम पुसावा, ही कल्पना ज्याची, त्या फुजिओ मासुओका यांचे नाव मात्र एसएसडीच्या खोक्यावर कुठेही नसते. तोशिबा कंपनीतल्या या अभियंत्याने आपला शोध १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडला. क्षणार्धात होणारे ते पुसणे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना छायाचित्रकाराच्या फ्लॅशचे स्मरण झाले, आणि तेच नाव रूढ झाले. तीन वर्षांनी मासुओकांनी या स्मृतीचा नँड हा प्रकार जगापुढे ठेवला. आजच्या एसएसडी त्यावरच उभ्या आहेत. स्वतःच्या कंपनीला त्याचे मोल उमगले नाही. बाजारात पुढाकार इंटेलने घेतला. मासुओका १९९४ साली नोकरी सोडून तोहोकू विद्यापीठात अध्यापनास गेले, पुढे त्यांनी योग्य मोबदल्यासाठी तोशिबावर दावा लावला, आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्याच्या कल्पनेवर अब्जावधी डॉलरांचा धंदा चालतो, त्याला हे द्रव्य न्यायालयाची पायरी चढून मिळवावे लागले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

किमतीचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सनडिस्क कंपनीने १९९१ साली आयबीएमसाठी केलेली एसएसडी २० मेगाबाइटची होती, आणि तिला सुमारे एक हजार डॉलर पडत. त्या भावाने आजची ५०० गिगाबाइटची एसएसडी अडीच कोटी डॉलरला पडली असती.

आता निर्णयाकडे वळू. खर्च करण्यापूर्वी चिटणिसांनी एक परीक्षा करावी. संगणक सुरू होऊन कुरकुरत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात अल्प आकडा दिसला, तर दोषी डिस्कच. मात्र मेमरीचा रकानाही काठोकाठ भरलेला असेल, तर जोडीला रॅम वाढवण्याची तरतूद करावी, अन्यथा एसएसडीचा निम्मा लाभ वाया जाईल. आयुष्याची धास्ती बाळगू नये. चांगल्या कंपनीच्या ५०० गिगाबाइट एसएसडीला ३०० टेराबाइट लेखनाची हमी मिळते. रोज २० गिगाबाइट लिहिले तरी ती पुरी व्हावयास ४१ वर्षे लागतील, आणि त्यापूर्वी तीतला दुसरा एखादा भागच निकामी होईल. धास्ती बाळगावी ती वेगळ्याच गोष्टीची: हार्ड डिस्क पुष्कळदा मरण्यापूर्वी खरखरते, एसएसडी पूर्वसूचनेवाचून मुकी होऊ शकते. शिवाय झिजलेल्या एसएसडीने विजेवाचून मजकूर एक वर्ष टिकवावा, एवढीच मान्य मानकाची अपेक्षा आहे; तेव्हा संस्थेचे दफ्तर तीत भरून ती कपाटात बंद करून ठेवणे हितावह नाही.

माझे मत असे की नव्या यंत्राची दरखास्त तूर्त तहकूब ठेवून, पक्की पावती आणि हमीपत्र घेऊन साधी साटा एसएसडी बसवावी. हा खर्च सार्थ आहे. जुनी हार्ड डिस्क खरखरत नसेल तर भंगारात देऊ नये. तिला बाहेरून जोडण्याचे आवरण घ्यावे आणि प्रत्येक मासिक सभेनंतर खतावणीची एक प्रत तिच्यावर उतरवून ठेवावी.