परक्या मेजाचा हक्क

बोरिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलगाडीत समोरासमोरच्या बाकांवरील चौघांच्या गुडघ्यांवर चपटी बॅग आडवी ठेवून मेंढीकोटाचा डाव मांडला जातो, हे दृश्य उपनगरवासी वाचकांच्या परिचयाचे आहे. तेथे ना पंच, ना छापील नियम. चौघेही वर्षानुवर्षे एकाच डब्यात बसणारे. कोण चिडतो, कोण शेजाऱ्याच्या पत्त्यांत डोकावतो, हे सर्वांस ठाऊक. परिचय हाच तेथील कायदा, आणि उतरण्याचे स्टेशन येईपर्यंत तो पुरतो.

परंतु दीडदोनशे अनोळखी माणसे, वीसबावीस मेजे आणि अखेरीस विजेता एकच, असा सामना असेल तर काय? पोकर या खेळाचे असे बहुमेजी सामने भरतात. आपल्या प्रांतात १८८७ च्या कायद्याने जुगाराच्या अड्ड्यांस बंदी आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत खरे. पण पोकर त्यांत बसतो की नाही, याविषयी न्यायालयांचे एकमत नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली त्यास नशिबाचा खेळ ठरविले, तर अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२४ साली केवळ तर्कावरून त्यास परवानगी नाकारता येत नाही असे म्हटले. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असला भेद न करता निषिद्ध केले. त्यामुळे मुलुंड-घाटकोपरच्या हौशी खेळाडूस मोठा सामना पाहावयाचा झाल्यास गोव्याची वाट धरावी लागते. द्रव्य लावून खेळणे इष्ट की अनिष्ट, या वादात आज शिरण्याचे प्रयोजन नाही. एकमेकांस न पाहणाऱ्या माणसांत न्याय कसा राखतात, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. प्रत्येकास दोन पत्ते झाकलेले मिळतात, पाच पत्ते सर्वांसाठी मेजावर क्रमाने उघडतात, आणि त्यांच्या जुळणीच्या भरवशावर चकत्या लावावयाच्या. प्रत्येक डावापूर्वी दोघांस ठराविक चकत्या सक्तीने भराव्या लागतात. ही पाळी मेजाभोवती फिरत राहते. चकत्या संपल्या की मनुष्य बाद.

आता समजा, एका मेजावर नऊ खेळाडू उरले व दुसऱ्यावर सहाच. सहांच्या मेजावर भरण्याची पाळी दीडपट लवकर येणार, आणि काहीही अपराध नसता त्या बिचाऱ्यांच्या चकत्या झिजणार! म्हणून भरल्या मेजावरून एकास उठवून तिकडे धाडतात. कोणास, हे संचालकाच्या मर्जीवर नसते. सक्तीचा मोठा भरणा करण्याची पाळी ज्याची पुढे आली असेल त्यालाच उठावे लागते, म्हणजे जागा बदलून पाळी चुकविल्याचा लाभ कोणास होत नाही. मेज मोडले तर नव्या जागा चिठ्ठ्यांनी ठरतात. पत्ते वाटणारा संस्थेचा नोकर असतो. तो पत्ते पालथे पसरून कालवितो, पिसतो, काटतो, आणि तळचे पान कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून खाली एक कोरे पान धरतो. साधने खेळाडूंच्या हाती नसावीत ही दृष्टी आपल्याकडेही जुनीच. द्यूताध्यक्षाने फासे स्वतः पुरवावेत आणि ते बदलणाऱ्यास बारा पण दंड करावा, असे कौटिल्याने सांगून ठेवले आहे.

पूर्वी प्रत्येक दिवाणखान्याचे नियम निराळे असत. २००१ साली अमेरिकेत सामन्यांच्या संचालकांनी आपली संघटना स्थापून त्यांस एकसूत्र आणले. एका हातास एकच खेळाडू, हा त्यांतील एक मुख्य नियम. मागे उभ्या असलेल्या मित्राने सल्ला द्यावयाचा नाही. सभापर्वात शकुनी दुर्योधनासाठी खेळावयास बसतो, तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी खेळणे आपणास विषम वाटते असे युधिष्ठिर म्हणतो. पण ते गाऱ्हाणे ऐकणारा पंच तेथे नव्हता.

लबाडीचा बंदोबस्त करणे त्यामानाने सोपे. कठीण असतो तो भिडेचा. काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका जिमखान्यात पैसा न लावता, केवळ चषकासाठी असा सामना झाला. आमच्या गाडीतील एक स्नेही व मी एकाच मेजावर आलो. दोन मेजांवर पाच-पाच मिळून दहा जण उरले होते. शेवटच्या मेजावर नऊच बसणार, आणि त्या नवांस स्मृतिचिन्ह मिळणार होते. अशा वेळी दुसऱ्या मेजावरचा कोणी बाद होईपर्यंत मुद्दाम रेंगाळण्याचा मोह होतो. म्हणून दोन्ही मेजांवर एकेकच डाव खेळवितात. ज्यांचा आधी संपेल त्यांनी दुसऱ्यांसाठी थांबावयाचे. तसेच चालले होते. स्नेह्यांनी उरल्यासुरल्या सर्व चकत्या पुढे सारल्या. इतरांनी पत्ते टाकले. माझ्यापाशी त्यांच्या पाचपट चकत्या, आणि हातात दोन राजे! अशा जोडीने समोरच्या कोणत्याही दोन पानांविरुद्ध शंभरांतून सुमारे ऐंशी वेळा जिंकावे. मी राजे पालथे टाकले.

स्नेह्यास बाद कसे करावे, एवढाच विचार त्या क्षणी मनात होता. मी अडवले असते, तर दोघांचेही पत्ते नियमाप्रमाणे तत्काळ उघडावे लागले असते. आपसांतील देवघेव लपू नये म्हणून तो नियम आहे. पण टाकलेला पत्ता कोण पाहतो? मित्राशी हात राखून खेळणाऱ्यास संचालक शिक्षा करू शकतो, फक्त त्यास ते दिसले पाहिजे. पुढल्याच डावात पलीकडच्या मेजावरील एक वृद्ध गृहस्थ दहावे म्हणून उठले. त्यांचे व माझे त्या सायंकाळी एकदाही बोलणे झाले नव्हते.

घरी परतताना फलाटावर तेच गृहस्थ भेटले. “दहावा आलो हो,” ते हसत म्हणाले, “पत्त्यांनीच साथ दिली नाही, दुसरे काय!” स्नेही शेजारीच उभे होते. राजांची हकीगत मी त्यांनाही सांगितली नव्हती. गाडी येईपर्यंत त्या गृहस्थांनी आपला शेवटचा डाव आम्हांस पानापानाने समजावून सांगितला.